लाईन आली का रे?

इंग्रजीच्या पुस्तकात लाईन म्हणजे ओळ, एवढंच शिकवलं. बाकीचं आमच्या गावात, केशोरीत राहून शिकलो. राशनच्या दुकानापुढे उभं राहायचं ती लाईन. अर्जुनी मोरगावात फाटक पडलं की ज्यावरून गाडी जाते ती लाईन. कॉलेजात पोरीकडे टक लावून बघितलं की दोस्त म्हणायचे, लाईन मारून राहिला बे. मारली, काही उपयोग झाला नाही. आणि वीजही लाईनच. पुण्याकडचे लाईट म्हणतात. आमच्याकडे लाईन जाते, लाईन येते. दिवसातून दहादा.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी घरी पाठवलं, पण ऑक्सिजनची मशीन रात्रंदिवस चालू ठेवायला सांगितलं. लाईन गेलीच तर जवळ छोटं सिलिंडर, तासाभराचं.

आमच्या घरात एक नियम होता, बाबांनीच लावलेला. लाईन गेली की आधी सगळी बटनं बंद करायची. कारण परत येताना ती कधी कधी अशी जोरात येते की टीव्ही जळतो. आमचे दोन जळले होते. त्यामुळे हात आपोआप बोर्डाकडे जायचा.

त्या दुपारी लाईन गेली. मशीन किंचाळायला लागली. मी बाबांना सिलिंडर लावलं आणि खटाखट बटनं बंद केली. मशीन, कुलर, पंखा, सगळी. लाईनमनला फोन केला.

"उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू आहेत भाऊ, लोड येऊन राहिला. अर्धा घंटा लागते."

आई सुपाने वारा घालत होती. थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "लाईन आली का रे?" मी वर पंख्याकडे बघायचो. पंखा थांबलेला. "नाही." अर्धा तास झाला, पाऊण झाला. पुन्हा फोन लावला, त्याने उचलला नाही. मी त्याला हरामखोर म्हणालो, आणखी बरंच काही म्हणालो. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत गेला. रुग्णवाहिका बोलावली, ती निघाली आहे म्हणाले. बाबांचे ओठ निळे पडले, छाती दोन-तीनदा वर झाली, आणि मग झाली नाही.

आईचा आकांत ऐकून शेजारची काकू धावत आली. दारातच मला म्हणाली, "मशीन कायले बंद ठेवली जी? लाईन तं कवाचीच आली. माहा कुलर चालू हाय."

मी बोर्डाकडे गेलो. एक बटन दाबलं. कुलर घरघरला. काकूने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आता आली मेली!" आई ओरडली.

"हो," मी म्हणालो. "आत्ताच."

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, पोरगा मोठा धीराचा. धीर कसला बाप्पा! आत काही हलतच नव्हतं. लाकडं आणली, अग्नी दिला, डोकं भादरून घेतलं. कोणी जेव म्हटलं की जेवत होतो. काकू कोणाला काही बोलली नाही.

तेरवीला लाईनमन आला. बाबांना तो मामा म्हणायचा. पंगतीत बसला, पत्रावळीवर भात पडला. आईने त्याला बघितलं आणि सरळ समोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ. माह्या माणसाले मारलं तुनं. ऊठ इथून."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. लाईन किती वाजता दिली, हे त्याला माहीत होतं. तरी तो हात न धुताच उठला, चपला घातल्या आणि गेला.

माझ्या हातात वरणाची बादली होती. मी पुढच्या माणसाला वाढलं.