चुकीच्या ओघळीतलं निशाण आणि मगदूम सर

बाळगोंडा मगदूम सर पहिल्यांदा आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी आले, तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवत होते. माझे पती वसंतराव सरकारी मोजणी खात्यात नोकरीला होते. मोजणीदाराच्या दारात अनोळखी माणूस आला की तो बांधाचं भांडण घेऊनच येतो, असा माझा अनुभव. सरांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं काहीतरी गोल. मी म्हटलं, "पावणं, मोजणीचं काय असंल ते हापिसात बघा. घरात हे कुणाला भेटत न्हाईत."

"मोजणी न्हाय, वहिनी," सर म्हणाले. "मला माणसं डोंगरात सोडायची हायती. त्यांची डोकी चालावीत असा नकाशा पायजे."

मी आत जाऊन ह्यांना म्हणाले, "बाहेर कोण येडा आलाय बघा." पुढचे दोन तास ते 'येडे' गृहस्थ कट्ट्यावर बसून बोलत होते आणि हे जेवायचं विसरून ऐकत होते. गळ्यातली गोल वस्तू म्हणजे होकायंत्र होतं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सर फौजेतून निवृत्त होऊन हातकणंगल्याजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक झाले होते. फौजेत ते ओरिएंटियरिंग शिकले होते. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, कधी न पाहिलेल्या रानात पळायचं आणि नकाशावर दाखवलेल्या जागा क्रमानं शोधायच्या, असा तो खेळ. प्रत्येक जागी कंदिलासारखं पांढरं-नारिंगी कापडी निशाण टांगलेलं असतं. त्याच्याजवळच्या चिमट्यानं आपलं कार्ड टोचून पुढं जायचं. कोल्हापूरकडं तेव्हा कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसरा खेळ कुणी खेळ मानत नव्हतं. पेठेतले लोक सरांना म्हणायचे, "मास्तर, रानात पळायला नकाशा कशाला? कुत्रं मागं लावा की."

सर हसायचे आणि पुढच्या रविवारी परत यायचे. पुढं हे सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर डोंगरात जायला लागले. पावलं मोजत, कागदावर एकेक दगड, एकेक ओढा घालत ह्यांनी नकाशे काढले. ऑफिसातल्या मोजणीनं दमून येणारा माणूस डोंगर मोजून आला की ताजा दिसायचा.

सरांचं दुसरं मोठं काम म्हणजे त्यांचं वार्तापत्र. देशभर हा खेळ खेळणारी माणसं मोजकी, एकमेकांपासून लांब. कुठल्या राज्यात नवा नकाशा झाला, कोण पंचांची परीक्षा पास झालं, कुठल्या जंगलात परवानगी नाकारली, हे सगळं सर हिंदीत लिहून, सायक्लोस्टाईल करून पोस्टानं सगळ्या राज्यांत पाठवायचे. त्याच्या शेवटच्या पानावर एक सदर होतं, 'कुठे काय चुकले'. कुठल्याही स्पर्धेत काही चूक झाली तर ती कुणाची, कशी, हे नावानिशी छापायचं. बाकी खेळांत चुका झाकतात. ह्या लोकांची रीत अशी की चूक छापली तर दुसऱ्या राज्यातला माणूस ती करणार नाही. हे वार्तापत्र आलं की आमच्या घरी आधी शेवटचं पान उघडलं जायचं. मी तेव्हा चौथीपर्यंत शिकलेली. ह्यांनी वाचून टाकलेले अंक मी दुपारी अक्षरं लावून लावून वाचायची. माझं वाचन असंच वाढलं.

पुढं काही वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा आमच्या भागात घ्यायची ठरली. त्या डोंगराचा नकाशा ह्यांनी दोन हिवाळे खपून काढला. नकाशा छापून आला आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी हे ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हृदयविकाराचा झटका. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस. मला निरोप द्यायला आलेल्या शिपायाला मी विचारलं, "डबा खाल्ला का?" तेवढंच सुचलं.

त्या दिवसांत सरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. दिवसकार्य होईपर्यंत ते रोज हातकणंगल्याहून येत. रेशनकार्डावरून ह्यांचं नाव कमी करायला मी गेले, तेव्हा सर सकाळपासून माझ्यासाठी रांगेत उभे होते. माझा नंबर आल्यावर बाजूला झाले. खिडकीतला माणूस ते नाव खोडत असताना ते पाठ करून उभे राहिले होते, हे मी पाहिलं.

स्पर्धा झाली. मुख्य पंच सरच होते. बायकांची एक शर्यत रद्द करावी लागली, एवढंच सर मला सांगून गेले. पुढच्या महिन्यात ह्यांच्या नावानं वार्तापत्र आलं. सवयीनं मी शेवटचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं की महिलांच्या शर्यतीचं सातवं निशाण चुकीच्या ओघळीत लागलं, कारण नकाशात एक ओघळ दाखवायची राहून गेली होती. शिवाय जमिनीवर नसलेली एक पायवाट नकाशात दाखवली होती. चूक नकाशाची. नकाशाकार, कैलासवासी वसंतराव.

मी ते उभ्यानं वाचलं आणि तशीच उभी राहिले. चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मला कळलं नाही. ज्या माणसानं दीडदोन महिन्यांपूर्वी माझ्यासाठी रांग धरली, त्यानंच हे लिहिलं? आणि देशभर पाठवलं?

मी एस.टी. पकडून हातकणंगल्याला गेले. सरांच्या पत्नी राजमतीवहिनी पाणी घेऊन आल्या, ते मी घेतलं नाही. अंगणातूनच म्हणाले, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत न्हाय, म्हणून लिहिलं व्हय सर?"

सर पांढरे पडले. पण मागं हटले नाहीत. "वहिनी, मी दोनदा जाऊन बघितलंय. निशाणापतोर जमिनीवर तीन ओघळी भरत्यात, नकाशात दोनच हायती. खरं ते लिहिलं. वसंतराव असते तर त्यांनीच लिहाय लावलं असतं."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतर दीड वर्ष मी सरांशी बोलले नाही. वार्तापत्र मात्र येत राहिलं, आता माझ्या नावानं. मी ह्यांचे कागद काढले आणि नकाशा वाचायला शिकले. निळी रेघ पाण्याची, तपकिरी रेघ उंचीची, काळी तुटक रेघ पायवाटेची. कुणी शिकवणारं नव्हतं. जुने अंक आणि ह्यांच्या वह्या एवढंच. शिकता शिकता एक गोष्ट मला खुपायला लागली. नकाशात एक ओघळ कमी आणि एक वाट जास्त. दोन्ही चुका एकाच जागी. पावलं मोजून चालणारा माणूस एकाच जागी दोनदा कसा चुकेल?

मी सरांना पोस्टकार्ड टाकलं. "मला ती ओघळ दाखवा."

पुढच्याच रविवारी सर दारात हजर. सबंध प्रवासात आम्ही दहा शब्द बोललो असू. डोंगरावर पाण्याची एक जुनी टाकी आहे. तिथून पठाराच्या कडेनं ओघळी मोजत जायचं आणि तिसऱ्या ओघळीत निशाण लावायचं, असं ठरलेलं होतं. स्पर्धेच्या सकाळी सरांनी स्वतः धुक्यात ते लावलं होतं. टाकीपासून थोडं चालल्यावर सर थांबले. "ही पहिली. ही नकाशात न्हाय."

मी खाली उतरून बघितलं. माझं माहेर कर्नाटक सीमेकडचं, दारात चार म्हशी. पाण्यानं पडलेली ओघळ सरळ उतारानं धावते. ही तिरकी उतरत होती, मध्येच वळत होती, आणि तळाला पायऱ्या पडलेल्या. वळणावर एक काळा दगड होता, अंग घासून घासून आरशासारखा झालेला. त्याच्या फटीत राठ काळे केस अडकले होते.

"सर," मी म्हटलं, "ही ओघळ न्हाय. ही म्हशींची वाट हाय."

सर काही बोलायच्या आत वरून एक बाई विळा घेऊन आल्या. वैरणीला निघाल्या होत्या. "काय हुडकताय वो?"

सरांनी विचारलं, "मावशी, ह्या ओघळीला पाणी कुठनं येतं?"

"कसली ओघळ? म्हशी जात्यात की हितनं पाण्याला. माझ्या सासूच्या सासूपास्नं." मग त्यांनी सरांना नीट न्याहाळलं. "मागं धुक्यात कापडी कंदील टांगत हिंडत हुता, ते तुम्हीच न्हवं? मी म्हटलं, फौजीचं काय हरवलंय एवढं!"

सरांनी खिशातून नकाशा काढला. म्हशींची वाट जिथं होती, तिथंच ती काळी तुटक रेघ होती. वार्तापत्रात 'जमिनीवर नाही' म्हणून छापलेली तीच पायवाट. ह्यांनी ती वळणासकट काढली होती. खचून खोल गेलेल्या वाटेला धुक्यात सरांनी पहिली ओघळ धरलं, आणि निशाण तिसरीऐवजी दुसऱ्या ओघळीत गेलं. स्पर्धेनंतर सर तपासायला आले, तेव्हाही त्यांनी तोच आकडा डोक्यात धरून मोजलं.

सरांनी टोपी काढली आणि त्या काळ्या दगडावर बसले. म्हणाले, "वसंतराव बरोबर हुते. माझी चूक मी मेलेल्या माणसाच्या अंगावर घातली, वहिनी."

दीड वर्ष मी मनात कायकाय घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आता कामाचं नव्हतं. हे बरोबर होते, आणि ते ऐकायला हे नव्हते. आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मला वाटलं, इथं संपलं. पण पुढच्या अंकानं मला दुसरा धक्का दिला. शेवटचं पान नव्हे, सबंध पहिलं पान सरांनी स्वतःच्या चुकीला दिलं होतं. शीर्षक होतं, 'नकाशा बरोबर होता'. खाली सही आणि ओळ, की मुख्य पंच म्हणून काम करण्याचा अधिकार मी परत करत आहे. त्या वर्षी भारतीय संघाबरोबर अधिकारी म्हणून परदेशी जायला सरांची निवड झाली होती. आमच्या भागातून असं कुणीच गेलं नव्हतं. तेही त्यांनी सोडलं. राजमतीवहिनी मला म्हणाल्या, "पासपोर्टचं फोटू काढून आणलं हुतं ओ, नवा सदरा घालून. आता ते फोटू काय करायचं?"

मी परत हातकणंगल्याला गेले, ह्या वेळी हात जोडायला. म्हटलं, "सर, डोंगरावर बोलला, मला पुरं झालं. आता चारचौघांत कशाला? कुणाला आठवतंय?"

"वसंतरावांचं नाव मी चारचौघांतच घातलं हुतं की," सर म्हणाले. "आणि काढायचं ते सैपाकघरात व्हय?"

वार्षिक सभेत त्यांनी ते पान सगळ्या राज्यांसमोर उभं राहून वाचलं. रद्द झालेल्या शर्यतीतल्या प्रत्येक मुलीला वेगळं पत्र लिहिलं. एकीचं उत्तर त्यांनी मला दाखवलं. ती तीन दिवस रेल्वेनं प्रवास करून आली होती. शर्यत रद्द झाली तरी तिला आजवर वाटत होतं की आपल्यालाच ओघळी मोजता आल्या नाहीत. तिनं खेळ सोडला होता.

त्यानंतर तीन वर्षं सर प्रत्येक स्पर्धेला गेले ते पाण्याची पिंपं उचलायला आणि शेवटच्या रेघेवर कार्डं गोळा करायला. ज्यांना त्यांनी शिकवलं, त्यांच्या हाताखाली. मग निम्म्या वयाच्या लोकांबरोबर बसून पंचाची परीक्षा त्यांनी पुन्हा दिली आणि पास झाले. आज आमच्या भागात नकाशा छापायला देण्याआधी त्या गावातल्या गुरं राखणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन डोंगर फिरतात. एकानं लावलेलं निशाण दुसरा माणूस पहिल्याला न विचारता तपासतो. ह्या दोन्ही रिती सरांनी घातल्या, आणि आता त्या दुसऱ्या राज्यांतही गेल्यात. आणि वार्तापत्र पोस्टात पडण्याआधी त्याची पहिली प्रत माझ्याकडं येते. "तुम्ही वाचल्याशिवाय कुणाचं नाव छापायचं न्हाय," असं सरांनी ठरवलं. मी चौथी पास बाई. मला अजूनही हे खरं वाटत नाही.

सरांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा समितीतल्या एकदोघांनी मला सुचवलं की ओघळीचा प्रसंग गाळावा, गौरवाच्या पुस्तकात शोभत नाही. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तेवढाच लिवा. बाकी काय केलंय मी?"

बाकी पुष्कळ केलं आहे, ते इतर लेखांत येईलच. मी जे पाहिलं ते लिहिलं. मी सरांना माफ केलं का, असं मला लोक विचारतात. सरांनी माफी मागितलीच नाही. त्यांनी चूक उचलली आणि आपल्या घरी नेली. असं करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही.

सर, तुमचे गुडघे दुखतात असं राजमतीवहिनी सांगतात. ते बरे होवोत. डोंगर चढण्याइतका दम छातीत राहो. माझ्या माणसाचं नाव मला राखावं लागलं, कारण ते राखायला तो नव्हता. ते काम किती जड असतं, ते मला माहीत आहे. तुमचं नाव तुम्ही स्वतःच राखा, अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षं. राजमतीवहिनींवर ते काम कधी न पडो.