कडदोऱ्याची चावी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाय. सुभद्राला — माझ्या बायकोला — बेचाळीस वर्षं संसार करून सांगितलं नाय, तर दुसऱ्याची काय कथा. ती जाऊन आता आठ वर्षं झाली. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण आमच्या खेड्यातली, पिशोरची. लिहिताना हात अडतो. पण तोंडानं सांगायला बसलो की मी भलतंच काहीतरी सांगून मोकळा होतो — माझं मला माहीत आहे. म्हणून लिहितोय. तुमची माझी ओळख नाय, तेच बरं.

आधी पेटीचं सांगतो, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाय.

आमच्या घरात कागद ज्याचा त्याच्याकडं राहत नाय. घरातल्या सगळ्यांचे कागद कर्त्या माणसाच्या लोखंडी पेटीत, अन् पेटीची चावी त्याच्या कडदोऱ्याला. रझाकारांच्या धामधुमीत माझ्या बापानं ही पेटी शेतात पुरली होती. पोलीस ॲक्शन झाल्यावर उकरून काढली, तेव्हा गावात कितीकांची घरं जळालेली, पण आमचे जमिनीचे कागद शाबूत. तेव्हापासून घरात एकच शिकवण — कागद कुलपात तर माणूस सुखात. बाप मेला, चावी माझ्या कमरेला आली. सुभद्राचं रेशनकार्ड, तिचा दवाखान्याचा कागद, सगळं माझ्याकडं. ती म्हणायची, "कंबरेला चावी लावून असे चालतात, जसा काय निजामाचा खजिना यांच्याच ताब्यात हाये!"

शहरात, बेगमपुऱ्यात, आमचं दोन खोल्यांचं घर अन् वर एक खोली. मूलबाळ झालं नाय. कारखान्यातून रिटायर झालो, घर खायला उठलं, तेव्हा वरची खोली विद्यापीठात शिकणाऱ्या पोरीला दिली. आफ्रिकेतली, समुद्राकाठच्या गावाची. नाव रेहेमा. सुभद्राच्या जिभेला ते जमेना, तिनं आठ दिवसांत रमा करून टाकलं. ती सुभद्राला माय म्हणायची अन् मला बाबा. बोलणं दखनी हिंदी — इथल्या पोरींकडून उचललेलं.

परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाला पोलिसांकडं नोंद करावी लागते. मी गेलो तिच्यासंगं. साहेब म्हणाले, "काका, पोरगी परमुलखातली. जबाबदारी आता तुमची." जबाबदारी! मी तो शब्द घरी घेऊन आलो. गल्लीतली टारगट पोरं तिच्या रंगावरून काहीबाही ओरडायची, त्यांना मी काठी घेऊन पळवलं. तिच्या मैत्रिणीची पर्स भर रस्त्यात मोटारसायकलवाल्यांनी ओढून नेली, तेव्हा मीच म्हणालो — तुझा पासपोर्ट माझ्याकडं दे, पेटीत राहील. विद्यापीठात परदेशी पोरांचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी पोरांना बजावलं होतं, पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाय, घरमालकाच्या तर नायच. रेहेमानंच मला हे हसत हसत सांगितलं. अन् वर म्हणाली, "पर बाबा कोई गैर है क्या?"

अन् दिला.

दोन वर्षं तो पेटीत होता. नोंद वाढवायची असली की मागायची, झेरॉक्स काढायची, परत आणून द्यायची. एकदा पण चुकली नाय.

मग सुभद्रा मोरीत पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती परत पायावर उभी राहिली नाय. तिला उठवायचं, धुवायचं, वेणी घालायची — सगळं रेहेमा. कुणी सांगितलं होतं तिला? कुणीच नाय. सकाळी मायचं करून कॉलेजला जायची, दुपारी पळत यायची. मी काय करायचो? मी चहा प्यायचो. खोटं कशाला लिहू.

असं सहा महिने चाललं. अन् एका सोमवारी तिच्या घरून फोन आला. तिची आई अंथरुणाला खिळली होती, वाचायची आशा नव्हती. बुधवारच्या विमानात जागा मिळत होती. ती माझ्यासमोर उभी राहिली, डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, पासपोर्ट."

मी म्हणालो, देतो, आधी मायला खाऊ घाल.

ती आत गेली. मी पेटी उघडली. वरच होता. हातात घेतला — अन् काय झालं ते कसं सांगू? पुढचं सगळं दिसलं मला. ही गेली की परत यायची नाय. आई मेली की घरचे लग्न लावतील, ठेवून घेतील. मग सुभद्राला उचलणार कोण? मी पासपोर्ट बंडीच्या आतल्या खिशात घातला. पेटीला कुलूप लावलं. अन् ती बाहेर आल्यावर म्हणालो —

"अगं, तूच नाय का नेला झेरॉक्सला मागच्या महिन्यात? परत कुठं दिलास?"

बघा, नुसतं सापडत नाय म्हणालो असतो तरी चाललं असतं. ते नाय केलं. तिच्यावर टाकलं. का टाकलं? कारण माझ्या पेटीतून कागद हरवतो असं कुणी म्हणायला नको होतं मला. त्या घडीला सुद्धा मला माझ्या पेटीची अब्रू दिसत होती.

ती म्हणाली, "मेरेकू तो याद है, बाबा, मैं दी थी." मी मान हलवली. नाय. ती पुन्हा आठवू लागली. पुन्हा नाय. तिसऱ्या वेळेला तिचा आवाज खाली आला. "नहीं दी क्या मैं?" — तिथं मी जिंकलो. खरं बोलणारं माणूस स्वतःला खोटं समजायला लागतं ना, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी केलंय.

मग शोधाशोध. वह्या, गाद्या, पिठाचे डबे. सुभद्रा खाटेवरून हुकूम सोडत होती — "तांदळाच्या डब्यामागं बघ! काय गं वेंधळी पोर तू, जीव गेला तरी असला कागद सोडतं का कुणी?" मग मला म्हणाली, "अहो, तुमची पेटी तरी बघा एकदा." मी दोघींच्या समोर पेटी पालथी केली. एकेक कागद झटकला. पासपोर्ट माझ्या छातीला टेकून होता. घामानं त्याचा पुठ्ठा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी हरवल्याची तक्रार द्यायला मीच तिच्यासंगं गेलो. हवालदारानं विचारलं, घरात नीट बघितलं का काका? व्हय साहेब, म्हणालो, पेटीसुद्धा. सही केली. त्या सहीनंतर पासपोर्ट बाहेर काढायची वाटच राहिली नाय. मेलेला माणूस तिरडीवर उठून बसावा तसं झालं असतं. मॅडम बिचाऱ्या रोज दिल्लीला फोन लावत होत्या, तिच्या देशाच्या कचेरीत. जायचा कागद यायला तीन आठवडे लागले. आई अकराव्या दिवशी गेली. रेहेमानं आईची माती फोनवर बघितली, आमच्याच ओट्यावर बसून. दार सताड उघडं, रस्ता समोर, अन् पोर कोंडलेली. अन् मी तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

मग ती गेलीच नाय. आता कुणासाठी जाऊ, म्हणाली. मला पाहिजे होतं तेच झालं.

मी वर लिहिलं, सुभद्राला कोण उचलणार म्हणून केलं. ते अर्धंच खरं आहे. पूर्ण लिहितो. मला बायकोचं हगणंमुतणं काढायची किळस होती. बायको माझी, अन् किळस मला. बाई ठेवता आली असती, मी शिकलो असतो, गल्लीतली दहा माणसं आली असती. मला ती रेहेमाच पाहिजे होती, न मागता करणारी.

पुढं दीड वर्ष तिनं केलं. सुभद्रा गेली तेव्हा तिचं डोकं रेहेमाच्या मांडीवर होतं. जिला आपल्या आईचं तोंड बघता आलं नाय, तिनं माझ्या बायकोच्या तोंडात पाणी घातलं. दहाव्याला लोक म्हणत होते, कुठली कोण पोर, पण यांनी पोटच्यासारखी सांभाळली, देवमाणूस आहे. मी हात जोडून उभा होतो. तिचा अभ्यास संपला, ती गेली. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा बंब पेटवला अन् पासपोर्ट त्यात घातला. पुठ्ठा लवकर जळेना. काडीनं ढोसत बसलो.

आता तिचं लग्न झालंय, पोरगी आहे. महिन्यातून दोनदा फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. मागच्या फोनला पोरगी मागं रडत होती. रेहेमा हसून म्हणाली — शाळेत पाटी हरवून आली, बाबा. अन् पुढं म्हणाली — मी पोरीला सांगितलं, तुझी आई पण अशीच बेफिकीर होती, एक कागद हरवला अन् आपल्या आईला मुकली. वस्तू जपायला शीक.

मी म्हणालो, व्हय, शिकव तिला.

रेहेमानं काहीच हरवलं नव्हतं.