ओवाळणीतले हातमोजे

माझ्या मेव्हण्याइतका मरणाला भिणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. स्वतःच्या मरणाला नाही, दुसऱ्याच्या. रस्त्यानं चालताना खांबावर एखादा वायरमन चढलेला दिसला की हा खाली थांबणार आणि मान वर करून विचारणार, "बेल्ट कुठंय?" तो वरून म्हणणार, "गाडीत आहे मामा." मग तो खाली उतरेपर्यंत हा खांबाच्या बुडाशी राखणीला उभा. याच्याबरोबर बाजारात निघालं की सकाळची भाजी संध्याकाळी घरी यायची. माझी बायको त्याची सख्खी मोठी बहीण. ती म्हणायची, "हा जन्मला तेव्हा सुईणीनं हातमोजे घातले नव्हते, त्याचा राग आहे त्याला अजून." बायकोला जाऊन आता दोन वर्षं होत आली. खरं तर तिच्याविषयीच लिहायला बसलो होतो, पण सरळ तिच्याविषयी लिहायला गेलं की हात थांबतो. म्हणून तिच्या भावाविषयी लिहितो. त्यात ती येईलच.

सातपूरच्या एका कारखान्यात तो मुकादम आहे. गटारं उपसणारे, टाक्या धुणारे, पत्र्यावर चढून गळती काढणारे गडी आणि संडास-बाथरूम साफ करणाऱ्या बाया, हे सगळे त्याच्या हाताखाली. आधी तो असा नव्हता. तरणा होता तेव्हा एका शेडच्या सिमेंटच्या पत्र्यावर चढला. कमरेला बेल्ट होता, बेल्टला दोर होता, दोराला हूक होता. हूक मात्र कशालाच अडकवलेला नव्हता, कारण साहेबाला खालून बेल्ट दिसतो, हूक दिसत नाही. पत्रा फुटला आणि हा बेल्टसकट खाली आला. पाच महिने खाटेवर होता, माझ्याच घरात. त्याचं हगणं-मुतणं माझ्या बायकोनं काढलं, उघड्या हातानं, नाक न मुरडता. मी एकदा गमतीनं म्हणालो, "पाव्हणं, निदान बेल्ट तरी फाटला नाही." तो हसला नाही. उठला तो एक पाय ओढत आणि डोक्यात हे खूळ घेऊनच.

मग काय, हेल्मेट डोक्यावरून उतरेना. जेवायला हेल्मेट, दाढी करायला हेल्मेट. अंगात ते पट्ट्यापट्ट्यांचं चमकणारं जाकीट घालून तो मयतीलासुद्धा यायचा, आणि खांदा देताना पुढचा गडी चपलेवर आहे का बुटात हे आधी बघायचा. माझ्या पुतणीचं लग्न पिंपळगावला होतं. नवरदेव दारात, वाजंत्री चालू, आणि यानं मांडववाल्याला बांबूवरून खाली उतरवून त्याच्या कमरेच्या दोराची तपासणी लावलेली. भटजी घड्याळ दाखवून म्हणाले, "मुहूर्त टळतोय." हा म्हणाला, "मुहूर्त दुसरा मिळंल. याला कंबर दुसरी मिळायची नाय." लग्न अर्धा तास उशिरा लागलं. व्याही फुगले. मांडववाल्याला काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून सगळे म्हणाले, बघा, उगाच खोळंबा केला. त्याच्या कामाचं हेच दुखणं आहे. ते साधलं तर दिसत नाही.

कारखान्यात एका दसऱ्याला साहेबानं नवी हेल्मेटं आणि हातमोजे पूजेत मांडले. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गडी बघतात तर सगळा माल कपाटावर ओळीनं ठेवलेला, आणि कामावर सगळे जुन्याच फडक्यांत. पूजेतली वस्तू गटारात कशी न्यायची? याला कळलं तसा हा ओलं फडकं घेऊन कपाटापाशी बसला आणि एकेका हेल्मेटाचं कुंकू पुसून काढलं. बाया म्हणाल्या, "मामा, पाप लागंल." हा म्हणाला, "माझ्या नावावर टाका. देवाचं झालं की ते माणसाच्या कामाचं राहत नाय." मला हे त्यानंच सांगितलं, माझ्या घरी, माझ्या बायकोसमोर, आणि आम्ही तिघं हसलो. ते हसणं आता मला आठवतं आणि नको वाटतं.

माझी बायको नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका लॉजवर साफसफाईला होती. बावीस वर्षं. उतारू येणार, घाण करणार, जाणार. हिनं ऍसिड ओतायचं, वरून ब्लीचिंग पावडर मारायची, दार लोटून घासायचं. लवकर साफ होतं म्हणून दोन्ही एकदम. डोळे लाल करून घरी यायची. हाताची साल सोललेली असायची, त्यावर रात्री खोबरेल. मेव्हण्यानं हे बघितलं आणि तेव्हापासून भाऊबीजेला साडी देणं बंद केलं. पहिल्या वर्षी ओवाळणीच्या ताटात कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे टाकले. मग दरवर्षी एक जोडी ठरलेलीच, आणि वर कधी गॉगल, कधी गमबूट, कधी दोन डबड्यांचा मास्क. शेजारणी ओवाळणी बघायला यायच्या. "भावानं काय घातलं गं ताटात?" बायको तोंड वाकडं न करता गमबूट उचलून दाखवायची. "पैठणी हाय. पायात घालायची."

ओवाळण्याचा तो सोहळा बघण्यासारखा असायचा. भाऊ पाटावर, डोक्यावर टोपीऐवजी हेल्मेट. ती एका हातानं हेल्मेट वर सरकवायची, दुसऱ्या हातानं कपाळाला कुंकू लावायची. निरांजन फिरवायला लागली की हा म्हणणार, "आक्का, लांबून. पदर सांभाळ." ती म्हणायची, "गप बस रे, तुझ्याआधी मी चूल पेटवलीय." मग कुंकवाचं तेच बोट ताटातल्या हातमोज्यांना लागायचं. हा ते बघायचा आणि खूश व्हायचा.

ती ते हातमोजे कधीच वापरत नव्हती.

हे मला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, "उद्या नेणार का लॉजवर?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच घाण बोललो. "भावाची ओवाळणी मी संडासात घालू?" आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "खरंय. जपून ठेव." झालं. पलंगाखालच्या ट्रंकेत, लग्नातल्या साडीखाली, दरवर्षीचा माल जात राहिला. भाऊ यायचा तेव्हा विचारायचा, "आक्का, मोजे घालतीस ना?" ती म्हणायची, "घालते रे बाबा." एकदा त्यानं बघायला मागितले. हिनं ट्रंकेतून जोडी काढून दाखवली. तो म्हणाला, "एवढे स्वच्छ?" ही म्हणाली, "धुऊन ठेवते." त्यानं हे कारखान्यात सगळ्या बायांना सांगितलं. माझी बहीण बघा, शिकलेली नाय, पण कशी नियमानं वागते. मी तिथंच बसलो होतो, बिडी ओढत. तोंड उघडलं नाही.

मग खोकला आला आणि राहिला. आधी घसा म्हणालो, मग दमा म्हणालो, मग जिना चढता येईना. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षं वाफ छातीत गेलीय. मेव्हणा तेव्हा त्यांच्याशी भांडला. "ती मास्क लावायची साहेब, मीच दिलेला." डॉक्टर गप्प बसले. मी पण. खाटेवरून ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात एकच गोष्ट होती: सांगू नका. ती गेली. दहाव्याला गोदावरीवर कावळा शिवायला वेळ लागला. जो तो काहीबाही कबूल करत होता, नवऱ्याचं बघू, तुळशीला पाणी घालू. मेव्हणा हात जोडून म्हणाला, "आक्का, माझ्याकडून जेवढं होतं तेवढं मी केलं." त्या एका वाक्यावर तो उभा होता. ते वाक्य मोडायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

पहिली भाऊबीज आली. वर्ष झालं नव्हतं, घरात सण नव्हता. तरी सकाळी हा दारात. हेल्मेट काढून हातात धरलेलं, डोकं उघडं. केवढं टक्कल पडलं होतं, मला माहीतच नव्हतं. काखेत पुडकं. म्हणाला, "सवयीनं घेतलं गेलं." मी चहा टाकला. दोघं बसलो. पुडकं मांडीवर घेऊन म्हणाला, "दाजी, एक मागू का?"

"मागा."

"तिचे वापरातले मोजे असतील ना? शेवटची जोडी. फाटकी असली तरी चालंल. रबरात हाताचा आकार राहतो. बोटं राहतात."

टाकून दिले म्हणालो असतो तर दुसरा कुणी चहा पिऊन गेला असता. पण हा म्हणणार, कुठं टाकले, चला बघू. मी त्याला ओळखतो. आणि खरं सांगायचं तर मला ते एकट्यानं वाहवत नव्हतं. मी वाकलो आणि पलंगाखालून ट्रंक ओढली.

वर साडी. खाली हातमोज्यांच्या जोड्या, प्रत्येक आपापल्या पिशवीत, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट, मध्ये डांबराच्या गोळ्या. गमबूट जुन्या लुगड्यात गुंडाळलेले, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसे. मास्कचं पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

तो खाली बसला. दुखरा पाय लांब केला आणि मालाची तपासणी करावी तशी एकेक वस्तू काढून जमिनीवर मांडली. सगळ्यात जुनी जोडी हातात घेऊन ताणली. रबर ठेवून ठेवून चिकट झालं होतं, बोटांच्या बेचक्यात तडकलं.

"नाय वापरलं तरी मरतंच हे," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"बोलला नाय."

"मीच म्हणालो होतो जपून ठेव."

आता हा ओरडणार म्हणून मी वाट बघत होतो. खांबावरच्या अनोळखी माणसावर ओरडणारा माणूस आहे. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जोड्यांकडं बघत होता.

"दसऱ्याला कारखान्यात मी कुंकू पुसत बसलो," तो म्हणाला. "आन् इथं आक्का माझ्यासमोर लावत होती. दर वर्षी. मला वाटायचं, चला, आवडलं तिला." मग जोडी खाली ठेवून, "भाऊबीजेला साडीच द्यायला पाहिजे होती, दाजी. हे असंच कुठल्यातरी मंगळवारी, कांद्याच्या पिशवीत टाकून द्यायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "तुमची चूक नाय."

"तुमची हाय," तो म्हणाला. "माझी पण हाय." आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्यानंतर त्याचं खूळ उतरेल असं मला वाटलं होतं. ते वाढलं. आता कारखान्यात नवे हातमोजे आले की तो खोकं उघडतो, जोड्या पिशवीतून काढतो आणि वाटायच्या आधी अंगणातल्या चिखलात घोळतो. नव्या गमबुटांवर स्वतः चार पावलं नाचतो, पाय ओढत. ऍप्रनला ग्रीसचं बोट फासतो. बाया कुरकुरतात, "मामा, आमच्या वाटणीला जुनं का?" हा म्हणतो, "जुनंच हाय, घाला." त्या घालतात. स्टोअरच्या साहेबानं त्याला बोलावून विचारलं की नव्या मालाची नासाडी कशासाठी करता. म्हणाला, "नासाडी थांबवतोय साहेब." साहेबाला वाटलं, बहिणीच्या दुःखात म्हातारा सरकलाय. कारखान्यात सगळ्यांना तसंच वाटतं. कशासाठी ते फक्त मला ठाऊक आहे.

मलाही त्यानं एक जोडी दिली, चिखलानं माखलेली, कांद्याच्या पिशवीतून, कुठल्यातरी साध्या वारी. घरचा संडास आता मीच धुतो. ती होती तोवर कधी हात लावला नव्हता. बाहेर बावीस वर्षं धुऊन यायची आणि घरचाही तीच धुवायची. हातमोजे घालून घासताना हात घामेजतात, बोटं जड होतात. सवय व्हायला दोन महिने गेले.

या भाऊबीजेला तो आला तेव्हा पाट मीच मांडला. ओवाळायला कुणी नाही. तरी तो बसला. कुंकू लावायला गेलो तर हेल्मेट आडवं आलं. एका हातानं ते वर सरकवायची तिची खुबी मला जमेना. शेवटी त्यानंच ते काढून मांडीवर घेतलं. लावून झालं तसं त्यानं माझ्या हातांकडं बघितलं.

"मोजे कुठंत?"

"मागं. वाळत घातलेत."

तो उठला आणि खरं आहे का बघायला मागच्या दारी गेला. मी मागोमाग गेलो. दोरीवर जोडी लटकत होती. त्यानं एक हातमोजा हातात धरला. उजव्या अंगठ्याला भोक पडलं होतं. त्यातून त्यानं आपलं बोट घालून बघितलं.

"फाटलेत," तो म्हणाला. एवढं समाधान मी त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

मग त्यानं काखेतली पिशवी माझ्या हातात दिली, चिखल अजून ओला होता. आणि दोरीवरची जोडी उतरवून हातानं सपाट केली. रबरात आकार राहिला होता, बोटांचा, मुठीचा. ते हात तिचे नव्हते, माझे होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यानं ती जोडी घडी घालून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि मी ठेवू दिली.