न धुतलेला पाय

वालावलच्या तुळसाने अठ्ठावीस वर्षं काजू भाजले आणि फोडले. टाचेला भेग पडली की काजूच्या टरफलाचं तेल तापवून चटका द्यायचा, ही तिच्या सासूची रीत. चार वर्षांपूर्वी उजव्या पायाच्या तळव्यात काटा मोडून गाठ आली, तेव्हाही तिने तेच केलं. गाठ दुखत नव्हती. पुढे तिला छिद्रं पडली आणि त्यांतून मोहरीएवढे काळे कण येऊ लागले. तेल सुकून निघतंय, असं तिला वाटलं.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी मात्र ती पाय दगडाने घासून धुवायची. परक्या माणसाच्या हातात घाणेरडा पाय कसा द्यायचा? त्यामुळे ते कण एकाही डॉक्टरने पाहिले नाहीत. औषधं बदलली, गाठ वाढतच गेली. शेवटी एकाने हाडाच्या कॅन्सरचा संशय बोलून दाखवला. पाय घोट्यापासून काढावा लागेल म्हणाला.

कणकवलीत एमआरआय झाल्यावर तिथल्या डॉ. सँड्रीनांनी तिला आणि तिची लेक तन्वी हिला आत बोलावलं. पडद्यावर करड्या रंगाच्या पायात बारीक पांढरट गोल दिसत होते. प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका.

"बेडकाची अंडी जशी," तुळसा म्हणाली.

"तशीच दिसतात, मावशी. कॅन्सर सहसा असा दिसत नाही. ही बुरशी वाटते. पायातून काळं काही येतं का?"

"येता. पण तां काजीचा तेल."

"आये, चार वर्षांत माका कधी सांगलंस नाय," तन्वी म्हणाली.

"तेलाचा काय सांगूचा?"

डॉक्टर म्हणाल्या, "आज पायाला पट्टी बांधून देते. उद्या पाय न धुता, ती न सोडता या. गाठीचा तुकडा काढून तपासूच, पण कण मिळाले तर बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा दोनदा न्हाणीपर्यंत जाऊन परत आली. तन्वीने तांब्याच उचलून आत ठेवला. एसटीत तुळसा पाय निऱ्यांखाली लपवून बसली.

पट्टीवर नऊ काळे कण निघाले. तपासणीत बुरशीच ठरली. वर्षभर गोळ्या आणि गाठ काढायचं एक ऑपरेशन.

"आणि पाय?" तुळसाने विचारलं.

"राहील. हाडाला अजून काही झालेलं नाही. तेल मात्र बंद."

"पाय धुवूचो काय नाय?"

"रोज धुवा, मावशी. फक्त माझ्याकडे यायच्या दिवशी नको."