चाख्याची जीभ

त्याचं खरं नाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. परदेशातून जंगल बघायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तो वाट दाखवायचा आणि रानफळं खायला द्यायचा, पण आधी स्वतः चाखून. म्हणून सगळे त्याला चाख्या म्हणत. ही रीत त्याच्या बापाची. त्या घनदाट, बारमाही ओल्या जंगलात लाल फळांची दोन जातींची झाडं होती, जुळ्या भावांसारखी. पान तेच, साल तीच. एकाचं फळ गोड, दुसऱ्याचं कडू आणि जिवावर उठणारं. फरक कळायचा तो फक्त जिभेला. कडू लागलं की थुंकायचं, चूळ भरायची आणि पुढं चालायचं. "आधी आपलं तोंड, मग पाहुण्याचं," असं बाप म्हणायचा.

मग एका तापात चाख्याची चव गेली. ताप उतरला, चव काही परतली नाही. बायकोनं एकदा मुद्दाम भाजीत मूठभर मीठ घातलं आणि हा मुकाट जेवून उठला, तेव्हा तिला सगळं समजलं. सहलींच्या ऑफिसात सांगावं तर काम जाणार, आणि या वयात नवं काम कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी ठरवलं. ती पाहुण्यांच्या विश्रामगृहात भांडी घासायची. तो पहाटे फळं तोडून आणायचा, ती मागच्या पायरीवर बसून एकेकाला देठाशी नख लावून चाखायची आणि गोड तेवढी पिशवीत भरायची. जंगलात तीच फळं काढून हा चाखल्याचं नाटक करायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण निभत होतं, आणि निभतंय तोवर कुणाला अक्कल येत नाही.

त्या दिवशी पोरं जास्त होती, पिशवी ओढ्यापाशीच रिकामी झाली. चष्मेवाल्या एका मुलीनं खालच्या फांदीवरचं लाल फळ तोडलं आणि त्याच्यापुढं धरलं. सगळ्यांनी फोन वर केले. अजून पिकलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पोरं त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि पहाटे याच बाजूची फळं बायकोला गोड लागली होती. त्यानं घास घेतला, चावला, गिळला आणि हसून मान डोलावली.

मुलीनं चावा घेतला आणि ती जराशी थांबली. पण तिच्या सरांनी निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, की इथली माणसं प्रेमानं देतील ते खायचं, तोंड वाकडं करायचं नाही. गुणी पोर. तिनं अख्खं फळ हसत हसत संपवलं.

बाकीच्यांसाठी तो दुसरी फळं शोधत होता, तेवढ्यात दोघांच्याही पोटात मुरडा आला. एका घासावर तो वाचला. ती वाचली नाही.

कुणी त्याला बोल लावला नाही. त्यानंही तेच खाल्लं होतं ना! ऑफिसातले साहेब दवाखान्यात येऊन म्हणाले, झाडंच दगाबाज, तू तरी काय करणार? बरा हो, पुढच्या महिन्यात नवी पोरं येतायत. बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं मान वर केली नाही.

मुलीची आई विमानानं आली. तिची आणि इथली, दोन्ही भाषा फक्त सरांना येत होत्या, म्हणून तेही बरोबर आले. तिनं चाख्याचा हात दोन्ही हातांत धरला. तुम्हीही तेच खाल्लंत, तुमच्यावर माझा राग नाही, असं ती म्हणत असल्याचं सरांनी सांगितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं, हे सोसवेना. मग तिनं काहीतरी विचारलं, आणि सरांनी चाख्याकडं वळून सांगितलं.

"त्या विचारतायत, ते फळ कसं लागत होतं? लेकीचा शेवटचा घास निदान गोड होता का?"

बायकोनं चादरीवरून त्याचा पाय दाबला. गोड म्हण, बाबा. त्या माउलीचंही समाधान होईल, आपलंही भागेल. त्याला ते न बोलता कळलं.

"मला माहीत नाही, सर," तो म्हणाला. "माझ्या जिभेला चवच नाही. ताप आला होता तेव्हापासून."

आई आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत होती.

"सांगा त्यांना," चाख्या म्हणाला.