गोधडीचा घास

मिझोरामच्या सरहद्दीवर मी सेक्शन कमांडर होतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहणं, मग चहा-पुरी, मग नदीपर्यंत गस्त. माझ्या सेक्शनमधला नाईक थंगा त्याच नदीकाठच्या गावचा. एका गस्तीवर गोळी लागून गेला. त्याची बहीण अजून दर नाताळला मला फोन करते.

यंदा तिनं दसऱ्यालाच केला. पलीकडं ब्रह्मदेशात क्रांतीची लढाई पेटलीय, माणसं लेकरंबाळं घेऊन नदी उतरून तिच्या गावात आलीत, थंडीनं पोरं रात्रभर रडतात, म्हणाली.

मी आता देगलूरला. गल्लीतल्या बायांना नुसतं सांगितलं, तर जुनी लुगडी निघाली, सुया निघाल्या अन् बघता बघता गोधड्यांचा ढीग लागला. लई आनंद झाला. धर्माबादच्या एका व्यापाऱ्याचा मिरचीचा ट्रक गुवाहाटीला निघाला होता, त्यानं फुकट जागा दिली. पुढं न्यायला आमचे जुने फौजी होते. मिरचीच्या खाटानं पोरं शिंकतील थोडी, पण पांघरतील तरी.

ट्रक दारात लागला. मी हुकूम सोडला, "लोड!" कोणी हललं नाही. गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या गंगूकाकी तर ढिगावर जाऊन बसल्या. गोधडीच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवूनच शेवटचा टाका घालायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्या घाईत ती राहून गेली होती.

मी समजावलं, भाकरीला उंदीर लागतील, सगळा माल वाया जाईल. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. हा ट्रक गेला की दुसरा थेट उन्हाळ्यात. माझं डोकं फिरलं.

"काकी, उठा."

"न्हाई. उपाशी गोधडी काय ऊब देणार रे कुणाला?"

थंगा गेला त्या सकाळी पुऱ्या गरम होत्या. गस्तीवर निघताना तो म्हणाला होता, आल्यावर खातो. त्याचं ताट आम्ही संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

"इंजिन बंद," मी ड्रायव्हरला म्हणालो आणि त्याच्याच हातात सुई दिली. बिचारा बसला. काकींशी तह झाला: भाकरीऐवजी ज्वारीचे चार दाणे. फौजेत बटणं लावून शिकलेला माझा टाका बघून बाया हसून बेजार झाल्या.

एका गोधडीत मी मूठभर दाणे घातले.

"एवढे कशाला?" काकींनी विचारलं.

"आमचा एक जण उपाशी गेलाय."

त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. काकी ते नाव हळू पुटपुटल्या, त्यांनी आपलीही एक मूठ त्यात घातली आणि टाका घातला.