भावोजींचे कॅमेरे

आमच्या भावोजींइतका हळू गाडी चालवणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत नाही, आणि वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांची त्यांच्याइतकी धास्ती घेतलेलाही दुसरा कोणी नाही. भावोजी म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या ताईचे यजमान. हायवेवर त्यांची गाडी डाव्या बाजूने वरातीसारखी चालते. रिक्षावाले पुढे जाताना आत डोकावतात, कोणी आजारी आहे की काय म्हणून. अशा माणसाने गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि दुकानदाराला पहिलाच प्रश्न विचारला, "कॅमेरा यायच्या किती आधी सांगतं हे?"

हे सगळं फोनवरही होतं, असं मी सुचवून पाहिलं. पण भावोजींच्या मते फोनवरचा नकाशा भरवशाचा नाही. ऐन वळणावर कोणातरी नातेवाइकाचा फोन येतो आणि रस्ता गायब होतो. मग अंधेरीच्या त्या दुकानात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आवाज निवडण्यातच कित्येक शनिवार गेले. इंग्रजी बाई इतकी अदबीने बोलायची की तिचं वाक्य संपेपर्यंत कॅमेरा मागे पडायचा. हिंदी पुरुष ओरडायचा. नुसती शिट्टी ठेवली तर मागे बसलेलं माणूस दचकेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी "आगे कॅमेरा है" एवढंच शांतपणे सांगणारी एक बाई पसंत पडली. मग ते यंत्र काचेवर कुठे चिकटवायचं यावरून घरात इतकी चर्चा झाली की ताई म्हणाली, "आता माझ्या कपाळावर लावा एकदाचं." साकीनाक्याला एकदा आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, गाडी तसूभर हलत नव्हती. तेवढ्यात बाईंनी इशारा दिला, तर भावोजींनी शून्यावरचा काटा नीट पाहून घेतला आणि तिला "बरं" म्हणाले. हे किस्से मी घरोघरी रंगवून सांगत असे.

पुढे एकदा ताईला पवईला न्यायचं होतं म्हणून मीही बरोबर गेलो. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, व्यायाम चालू होते, पण गाडीचा साधा हिसका बसला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. वाटेत बाई म्हणाली, "आगे कॅमेरा है." भावोजींनी पाय इतका हलकेच टेकवला की मला कळलंही नाही; आमची गाडी नुसती मागे मागे राहत गेली. थोडं पुढे भरधाव चाललेल्या गाड्यांनी कॅमेरा दिसताच एकामागून एक कचकन ब्रेक मारले. आम्ही त्यांच्यामागे अलगद जाऊन थांबलो. ताई डोळे मिटून पडली होती, तशीच राहिली. कॅमेऱ्याची भीती भावोजींना कधी नव्हतीच; होती ती अशा कचकन लागणाऱ्या ब्रेकची. त्यानंतर ते किस्से सांगायला माझी जीभ रेटेना.

त्याच वर्षी गावी आमच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. ताईला आईला भेटायचं होतं. रेल्वेत चढणं-उतरणं तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि गाडीने जायचं तर हिसके बसता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावोजी म्हणाले, हा रविवार नको, पुढच्या रविवारी निघू. माझी बायको चिडली. आई तिकडे वाट बघत्येय आणि हे कसला मुहूर्त शोधतायत, असं ती मला दोनदा ऐकवून गेली.

शेवटी निघालो. वाटेत चिपळूणला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी, दोन्ही बाजूंना नुसतं रान, माणूस नाही की खांब नाही, आणि बाई म्हणाली, "आगे कॅमेरा है." मला हसू आवरेना. इथे काय माकडांचे फोटो काढतात का, असं मी विचारलं.

"खड्डा आहे," भावोजी म्हणाले. "मागच्या शनिवार-रविवारी एकटा येऊन यंत्रात घातलाय. यात आपण आपली ठिकाणं घालू शकतो, पण खड्ड्याचं बटण नाही रे. म्हणून कॅमेरा."

तोवर गाडी खड्ड्याच्या कडेने पुढे सरकलीही होती. मग गावच्या फाट्यापर्यंत बाई सारखी बोलत होती. तेव्हा इथवर येऊन घरी का नाही गेलात, असं मी हळूच विचारलं. ते म्हणाले, "एकटा गेलो असतो तर आईंनी विचारलं असतं, ताई कुठाय."

सासूबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. पण त्या दुपारी त्या जाग्या होत्या. ताई गाडीतून उतरली, भिंतीला हात लावत खाटेपर्यंत गेली, आणि वाकता येईना म्हणून सरळ आईच्या शेजारी आडवी झाली. "इलंस गो?" एवढं बाहेर ऐकू आलं.

मी उतरून मागे पाहिलं तर भावोजी अजून जागेवरच होते. सदरा पाठीला चिकटला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"उतरा आता भावोजी," मी म्हटलं.

"दोन मिनिटं थांब रे. बोटं सुटेनात."

मी परत गाडीत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. घरातून मायलेकींचं हलक्या आवाजातलं बोलणं येत होतं. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं; आम्ही दोघं ते ऐकत तसेच बसून राहिलो.